बाटलीवरची पट्टी

सोमवार, ता. ९, दुपारी दोन

मोजपट्टी,

फाडण्याआधी चार ओळी वाच. हे प्रेमपत्र नाही. फोनवर तू मला बंद केलंयस, शेजारच्या ताईच्या फोनवरून केला तर तिलाही बंद केलंस, म्हणून हा कागद. तुमच्या होस्टेलच्या वॉचमनला देऊन येईन. तो हसेल. हसू दे.

आई दवाखान्यात आहे. काल संध्याकाळी तिने मला मुकादम म्हणून हाक मारली आणि विचारलं, चादरी मोजून झाल्या का. मला वाटलं चेष्टा करतेय. तिचं तोंड तुला माहीत आहे. मी म्हटलं, झाल्या बाई, सुटी झाली, जा घरी. तर ती खरंच उठली, स्वतःच्याच घरात चपला शोधायला लागली आणि दारातून जायचं सोडून भिंतीवर जाऊन आदळली.

गुरुवारपासून डोकं जड आहे म्हणत होती. मळमळत होतं. कारखान्यात वाफेत उभं राहून होतं असं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. सोळा वर्षं ती धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीच्या रोलरवर आहे, तिथे घाम निघतो तो निघतोच. आज सकाळी रक्त तपासलं. सोडियम एकशे चार. जिथे एकशे चाळीस हवं तिथे एकशे चार. कागद हातात आला तेव्हा मला आकडा कळला आणि मामाला कळला नाही, आणि त्या क्षणी मला मामाचा हेवा वाटला.

कारण सांगतात ते असं. रक्तदाबाची गोळी सुरू होती, ती लघवीवाटे मीठ बाहेर काढते. वर डॉक्टरांनी मीठ कमी करा सांगितलं, तर हिने बंदच केलं. आणि पाणी जरा जास्त पीत होती म्हणे.

मामा म्हणत होता तुमच्या कॉलेजच्या दवाखान्यात नेऊ, तिथे मोठे डॉक्टर आहेत. मी नाही म्हटलं. त्या फाटकातून मी आत जाणार नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून हा लहान दवाखाना. वॉर्डात सोळा खाटा, ड्रिप चालवायचे पंप दोन, आणि दोन्ही दुसऱ्यांना लागलेले. आईची ड्रिप हाताने लावलीय, नळीवरच्या त्या छोट्या चाकाने. सिस्टरने बाटलीवर उभी चिकटपट्टी लावलीय आणि पेनाने रेघा मारून तास लिहिलेत, नऊ, दहा, अकरा. बाटलीतलं पाणी ज्या रेघेशी, तेवढे घड्याळात वाजलेले हवेत. तुला आवडलं असतं.

ड्रिप म्हणजे काय, मुंगीच्या पावलांनी चाललीय. डॉक्टर माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा असेल. म्हणतो, चोवीस तासांत सोडियम आठच्या वर चढवायचं नाही. मी विचारलं का, तर म्हणाला नंतर सांगतो, आणि दुसऱ्या खाटेकडे गेला. मी पुन्हा विचारलं नाही. मी कुणाला दोनदा विचारत नाही.

तुला तो प्रॅक्टिकलच्या हॉलमधला दिवस आठवतो का? मला शरीरातलं पाणी कळत नव्हतं, तर तू सफाईवाल्या मावशींकडून बादली आणलीस, कळशी आणलीस, एक जग आणलास आणि मगाने मोजून पाणी ओतलंस. अठ्ठावीस मग बादलीत, हे पेशींच्या आतलं. अकरा कळशीत, पेशींच्या मधलं. तीन जगात, रक्तातलं. झाले बेचाळीस, एक अख्खा माणूस. मग म्हणालीस, मीठ बाहेर राहतं, आत आलं की दारातला पंप त्याला बाहेर घालवतो. पाण्याला मात्र कुणी अडवत नाही, जिकडे सामान जास्त तिकडे ते जातं. तुझी ओढणी कोपरापर्यंत भिजली होती. तू मापात बोलत होतीस आणि मी तेव्हाच कामातून गेलो.

आई पन्नास किलोची. तिच्यात पंचवीस मग धर. बाहेरचं मीठ उतरलं, म्हणून पाणी पेशींच्या आत शिरतंय. मेंदू फुगतोय आणि कवटीत जागा नाही. मग बाहेर मीठ चढवलं की पाणी माघारी येणार, हे सरळ आहे. इतकं सरळ असताना हे लोक थेंब का मोजतायत? माझी वही ‘पेशी फुगते’ इथे संपते. त्यानंतरच्या सोमवारी मी सरांसमोर स्टूल भिरकावलं आणि पुढचं शिकलोच नाही. तुझ्या वहीत पुढे काय आहे? एवढंच हवंय. बाकी काही मागत नाही.

तुझा नाही, नुसताच
भडका


मंगळवार, ता. १०, दुपारी पावणेचार

मोजपट्टी,

आईने मला ओळखलं.

सकाळपर्यंत काही खरं नव्हतं. पहाटेच्या रक्तात फक्त एकशे नऊ. अकरा वाजता ती खाटेच्या कठड्यावरून हात फिरवत होती, रोलरवर कापड सरळ करतात तसा, सारखा, सारखा. डोळे उघडे, पण त्यांत मी नव्हतो. मामा बाहेर जाऊन रडून आला आणि धूळ गेली म्हणाला. मी डॉक्टरला म्हटलं, वाढवा ना थोडी. म्हणाला, नाही. एवढंच. नाही.

आणि तीन वाजता आईने मान वळवली, मला पाहिलं, अंगावरची चादर चिमटीत धरली आणि म्हणाली, “ही कुणाची इस्त्री रे? घडी तिरकी आहे.” मामा हसतही होता आणि नाकही पुसत होता. तिने विचारलं जेवलास का. विचारलं कारखान्यात कळवलंस का. मग मामाला म्हणाली, शर्टाचं बटण तुटलंय, काढून दे, लावते.

ड्रिप आज नीट चालली.

आता सांग, कोण बरोबर होतं? गल्लीत मला अर्धा डॉक्टर म्हणतात. कॉलेज सोडून आलो तेव्हा आईनेच ठेवलेलं नाव ते, रागाने ठेवलं आणि मग कौतुकाने वापरायला लागली. कुणाचं पोट दुखलं की, जा, आमच्या अर्ध्या डॉक्टरला विचार. आज अर्ध्यानेच निभावलं. पाणी सामानाच्या मागे जातं. मीही तुझ्या मागे असाच आलो असतो. हे वाक्य तुला आवडणार नाही, माहीत आहे, पण आज मला सगळं माफ आहे.

सिस्टर आत्ताच रक्त घेऊन गेली, डाव्या हातातून. ही सिस्टर चष्मा दोरीला बांधून गळ्यात घालते आणि तो डोळ्यांवर न लावताच सगळं बघते. माझ्याकडेही तसंच बघून गेली.

बोटांना चिकटपट्टीचा डिंक लागलाय. दोनदा साबण लावला, जात नाही. असो.

हे पत्र घेऊन निघतोच आहे. पहिल्याचं उत्तर असेल तर वॉचमनपाशी ठेव. नसेल तरी चालेल. आज चालेल.

भडका


मंगळवार, संध्याकाळी सहा, जिन्यात

मोजपट्टी,

तुझं पाकीट मिळालं. वॉचमनने देताना भुवया उडवल्या. मी ते उघडलंही नाही, शर्टाच्या खिशात घातलं आणि वाटभर हात वर ठेवून आलो. दुसरं काही असेल असं वाटलं. मी मूर्ख आहे.

वॉर्डात आलो तर डॉक्टर आईच्या खाटेशी उभा, हातात रिपोर्ट. एकशे वीस. सकाळी एकशे नऊ होतं. तो सिस्टरला विचारत होता, रक्त कुठल्या हातातून काढलंत. ती म्हणाली डाव्या. तो म्हणाला, उजव्यातच काढलं असणार, ज्यात ड्रिप आहे, बाटलीतलं मीठ मिसळलं म्हणून आकडा फुगला. ती म्हणाली, साहेब, पंचवीस वर्षं रक्त काढतेय. तो म्हणाला, मग दहा तासांत अकरा चढेल कसं? ड्रिप तर पट्टीला बरोबर आहे. आणि दोघांनी बाटलीकडे पाहिलं. पाणी सहाच्या रेघेवर होतं. घड्याळात पावणेसहा.

मग सिस्टर माझ्याकडे वळली. “तू होतास ना रे इथे? कुठला हात होता, सांग यांना.”

मी म्हटलं, “माझं लक्ष नव्हतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावला, काढला. डॉक्टर म्हणाला, पेशंट बोलतोय, छान आहे, शिरा सापडत नाहीत, उगाच पुन्हा टोचायला नको, सकाळी नीट हातातून घ्या. ड्रिप आहे तशी चालू द्या. आणि गेला.

मी इथे येऊन बसलो आणि तुझं पाकीट उघडलं. वहीचं पान. माझ्या नावाने एक अक्षर नाही. तुझ्या त्या सरळ अक्षरात पुढचं सगळं. मी चार वेळा वाचलं, तुलाच परत लिहून दाखवतो, म्हणजे मला कळलंय की नाही ते बघ.

मीठ हळूहळू उतरलं तर मेंदूच्या पेशी नुसत्या फुगून बसत नाहीत. त्या आपल्या आतलं सामान बाहेर टाकायला लागतात. सामान गेलं की त्याच्या मागे पाणीही जातं आणि दोन-तीन दिवसांत पेशी जवळजवळ मापात येतात. म्हणजे तोवर त्या गरीब झालेल्या असतात. आता बाहेर एकदम मीठ चढवलं तर त्यांच्यातलं उरलंसुरलं पाणीही ओढलं जातं. टाकलेलं सामान परत भरायला त्यांना कित्येक दिवस लागतात, तेवढे आपण देत नाही. पेशी आक्रसतात, मेंदूतल्या तंतूंवरचं वेष्टन निघतं. दुसऱ्या ते सहाव्या दिवशी गिळणं जातं, बोलणं जातं, हातपाय जातात. कधी कधी माणूस डोळे उघडे ठेवून आत कोंडला जातो.

आणि तू लाल शाईने ज्याच्याखाली रेघ मारलीस ते वाक्य. रोगी आधी सुधारतो.

आधी सुधारतो. ही कुणाची इस्त्री रे.

सांगतो. लिहायला हात नको म्हणतोय, पण सांगतो. साडेबारा वाजता सिस्टर डबा खायला गेली. मामा खाली औषधाच्या दुकानात. मी नळीवरचं चाक सगळं सोडलं. थेंब थांबले आणि धार लागली. मला बरं वाटलं, खरं सांगतो, फार बरं वाटलं, कुणीतरी काहीतरी करतंय असं. दीड वाजता चाक परत होतं तिथे आणलं. पण पाणी पट्टीवर रात्री नऊच्याही खाली गेलेलं. म्हणून पट्टी सोलून काढली, खाली सरकवून अशी चिकटवली की पाणी दीडच्या रेघेला लागेल, आणि खाली लोंबणारा तुकडा दाताने तोडून खिशात घातला. दोन वाजता पाळी बदलली. सिस्टर जेवून आली ती थेट फायलींत अडकली. जिने बाटली बघितली ती दुपारच्या पाळीची होती. तिने पट्टी बघितली, घड्याळ बघितलं आणि मान डोलावली.

पानाच्या तळाशी पेन्सिलने बारीक लिहिलंयस, वेळेत कळलं तर मीठ परत उतरवता येतं.

सांगितलं तर काय होईल? मामा मारेल. पोलीस येतील. आईला कळेल. न सांगता सकाळी रिपोर्ट आला तर त्यांना आपोआपच कळेल, नाही का? सकाळपर्यंत बारा तास आहेत, आणि ती ड्रिप अजून चालूच आहे, आणि मी जिन्यात बसून तुला अक्षर नीट काढून


बुधवार, ता. ११, सकाळी अकरा, वॉर्डाबाहेरच्या बाकावर

मोजपट्टी,

वरचं पत्र अर्धं राहिलं ते तसंच यासोबत आहे. ते लिहिता लिहिता मला तू दिसलीस. स्टूल भिरकावलं त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये उभी होतीस तशी. तुझ्या हातून परीक्षानळी फुटली म्हणून सर तुला म्हणाले, घरी जाऊन भांडी घासा, आणि मी पेटलो. मला वाटलं होतं, तू डोळ्यांत पाणी आणून आभार मानशील. तू म्हणालीस, “माझ्यासाठी नाही भांडलास तू. तुला भांडायचंच होतं.” वर्षभर मला ते लागून राहिलं होतं. काल जिन्यात पहिल्यांदा कळलं. आईसाठी नव्हतं सोडलं मी ते चाक.

डॉक्टर चहा पीत होता. मी सांगितलं. मला वाटलं कानशिलात देईल. त्याने कप ठेवला, पेन उघडलं आणि तीनच गोष्टी विचारल्या. किती वाजता सोडलं. किती वाजता बंद केलं. किती मिली गेलं. मी खिशातून पट्टीचा तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो बाटलीवरच्या पट्टीखाली जोडून पाहिला. अडीचशे. मग पळाला. हो, पळाला तो.

ड्रिप बंद केली. दुसरी लावली, साखरेच्या पाण्याची, म्हणजे नुसतं पाणीच म्हण. लघवी धरून ठेवणारं इंजेक्शन दिलं. गोळी बंद केल्यापासून आईची लघवी धो धो होत होती, नुसतं पाणी बाहेर चाललेलं, म्हणून मीठ माझ्या अडीचशेपेक्षाही जास्त चढलेलं. हे मला कुठे माहीत होतं. दर दोन तासांनी रक्त. एकशे एकवीस, एकशे अठरा, सकाळी एकशे तेरा. पंप तुमच्या कॉलेजमधून मागवला. ज्या फाटकातून मी जाणार नव्हतो तिथून रिक्षात घालून आणला मामाने.

मामाने मारलं, सोळा खाटांसमोर. मग म्हणाला, “अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं कार्टं. बहीण आहे रे माझी.” दुसरं वाक्य जास्त लागलं.

सिस्टरची मी माफी मागितली. ती बाटलीवरची पट्टी सोलून केसपेपरावर चिकटवत होती, वरचा तुकडा आणि खालचा तुकडा, सांधा जुळवून. मान वर न करता म्हणाली, डावा हात होता. मी म्हटलं, हो, डावा. ती म्हणाली, जा बाहेर. वॉर्डात यायला मला बंदी आहे. तक्रार करायची की नाही ते मोठे डॉक्टर शनिवारी ठरवणार.

आणखी एक राहिलं. सोमवारच्या पत्रात मी लिहिलं होतं, पाणी जास्त पीत होती म्हणे. त्यातलं म्हणे खोटं. पाच लिटरचा कॅन मी आणून दिला होता. रोज संपला पाहिजे म्हणालो, किडनी साफ राहते. पोट फुगतं म्हणाली तर ओरडलो तिच्यावर. कारखान्यातल्या बायकांना सांगायची, माझा अर्धा डॉक्टर रोज कॅन तपासतो. डॉक्टरला तेही सांगितलं. त्याने नुसतं लिहून घेतलं. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता वाट बघायची. दुसरा ते सहावा दिवस. आज पहिला.


शुक्रवार, ता. १३, दुपारी

मोजपट्टी,

मी दाराच्या काचेतून बघतो. सकाळी डॉक्टर येतो, चमच्याने पाणी देतो आणि तिच्या घशाकडे बघतो. मग म्हणतो, चादरी मोजा. ती चाळीसपासून उलट्या मोजते, कारखान्यात गठ्ठा उतरवताना मोजतात तशा. चाळीस, एकोणचाळीस, अडतीस. बुधवारी एका दमात एकवर आली. गुरुवारीही. मी काचेबाहेर तिच्याबरोबर मोजतो, ओठ हलवत. जाणारे-येणारे बघतात, बघू देत.

काल संध्याकाळी मला औषध आणायला पाठवलं होतं. आलो तर मामा म्हणाला, एक मुलगी आली होती. पांढरा कोट, ओढणी खोचलेली. सिस्टरशी बोलली, आईच्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढून अंगठा कुठे वळतो ते पाहिलं, चमच्याने पाणी दिलं. मग नुसती घशाकडे बघत बसली, दहा मिनिटं. नाव सांगितलं नाही. मामाने विचारलं चहा घेणार का, तर म्हणाली, वेळ मोजून आलेय.

मी त्यावर काही लिहीत नाही.

आज सकाळी चाळीस, एकोणचाळीस, नीट चाललं होतं. तीसपर्यंत आली. मग थांबली. ओठ हलले, आवाज नाही. एकोणतीस म्हणायचं होतं. डॉक्टर वाट बघत होता. ती म्हणाली, एको, एको, आणि जीभ जड झाल्यासारखी गप्प झाली. त्याने चमचा लावला. पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळलं आणि ठसका लागला.

मोजपट्टी, मी खिशातून तुझं पान काढलं. आज तिसरा दिवस. तुझ्या पानावर असंच लिहिलंय.

तोंडाने काही द्यायचं नाही सांगितलंय. नाकातून नळी घातली. घालताना तिने माझ्याकडे, काचेकडे बघितलं. डोळे सताड उघडे. ती आत कोंडली जातेय का? सगळं कळतंय आणि हलवता येत नाही असं होतं का? तुला माहीत असेल. सांगू नकोस. नको, सांग.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा मी विचारलं. तो माझ्याशेजारी बाकावर बसला, पहिल्यांदाच. म्हणाला, परत उतरवलं ते लवकर उतरवलं. कधी कधी एवढ्यावरच थांबतं. मी म्हटलं, आणि कधी कधी? तो म्हणाला, “तू दोनदा विचारतोस आता. चांगलं आहे.” आणि उठला.

तिचे सतरा मग आत, आठ बाहेर. मी बाकावर बसून सारखा मोजतो. मी बाकी कशात नाही, फक्त त्या पाण्यात आहे.


मंगळवार, ता. १७, संध्याकाळी पाच

मोजपट्टी,

शनिवारी एकोणतीस आलं. चाचरत आलं, पण आलं. रविवारी नळी काढली. काल सहावा दिवस होता. डॉक्टरने हात उचलायला लावले, पाय दाबायला लावले, जीभ बाहेर काढायला लावली. चाळीस ते एक, मध्ये दोनदा थांबून. डावा हात कापतो. कप धरला की बशीवर वाजत राहतो. डॉक्टर म्हणतो, जाईल कदाचित महिन्या-दोन महिन्यांत. कदाचित नाही जाणार. इस्त्रीच्या रोलरवर दोन्ही हात सरळ लागतात, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत असेल.

मोठ्या डॉक्टरांनी तक्रार केली नाही. मला समोर बसवून सगळं माझ्याच हाताने लिहून घेतलं आणि म्हणाले, हे आम्ही शिकवायला ठेवू, तुझं नाव खोडून.

आईला मीच सांगितलं, काल. डॉक्टरने त्यापुरतं पाच मिनिटं आत सोडलं होतं. मामा म्हणत होता नको, कशाला, निभावलं ना. मी चाकाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, कॅनचं तर तिला माहीतच होतं. तिने सगळं ऐकलं, भिंतीकडे तोंड केलं आणि चादर डोक्यावरून घेतली. संध्याकाळी बोलली नाही. सकाळीही नाही. सिस्टरशी बोलत होती, मामाशी बोलत होती, मी काचेशी आलो की गप्प. मला वाटलं, सात दिवस ज्याला भ्यायलो ते हेच होतं की काय. बोलणं असं गेलं.

तिला दिवसाला एकच लिटर पाणी आहे. आज दुपारी सिस्टरने मला वॉर्डात बोलावलं. पाण्याची बाटली हातात दिली. बाटलीवर उभी चिकटपट्टी, रेघा मारलेल्या, आठ, दहा, बारा, दोन, चार, सहा. म्हणाली, बस इथे, लक्ष ठेव. चष्मा डोळ्यांवर नव्हता, तरी बघून गेली.

मी खाटेशी बसलो. पट्टीला हात लागू नये म्हणून बाटली बुडाशी धरली. चार वाजायला आले तेव्हा आईने तोंड इकडे वळवलं. ओठ कोरडे. कापरा हात पुढे केला आणि म्हणाली, “मुकादम, किती पिऊ?”

पुन्हा नऊ दिवस मागे गेलो, भिंतीशी. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिलो. ती हसत नव्हती. मग उजवी भुवई जराशी वर गेली, माझी जिरवायची असली की जाते तशी. मग तिने पुन्हा विचारलं, या वेळी नुसतं, “किती पिऊ रे?”

तहान एवढी लागलेली असतानाही ती मलाच विचारत होती. मामाचा मार परवडला.

मी म्हटलं, “मला माहीत नाही, आई. सिस्टरला विचारून येतो.”

आणि विचारून आलो. पट्टीप्रमाणे शंभर, पण हात कापतोय म्हणून चमच्याने. बावीस चमचे झाले. प्रत्येक चमच्याला मी तिच्या घशाकडे बघितलं. तू बघत बसलीस म्हणतात, तसंच.

तुझं पान यासोबत परत पाठवतोय. वहीतून फाडलंस तेव्हा मागच्या पानाचा टाका सैल झाला असेल, तेवढा डिंकाने चिकटव. मी सगळं उतरवून घेतलंय, ‘पेशी फुगते’च्या खालून सुरू करून, शेवटच्या ओळीपर्यंत. पेन्सिलची ओळ पेनाने लिहिली.

वॉचमनकडे उत्तर ठेवू नकोस. सहा वाजता पुढची रेघ आहे, मला जायला हवं.